कीबोर्ड बिघडला, की सेटिंग? बटणं आणि गॅजेट्स बदलताना या चुका टाळा

बटण दाबलं तरी अक्षर उमटत नाही आणि जरा दाबून धरलं की उमटतं, अशी तक्रार घेऊन लोक थेट नवा कीबोर्ड आणतात. नव्यावरही तेच! विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ‘फिल्टर कीज’ची चौकट येते. विचार करत बसलेला माणूस बोट तिथंच ठेवतो, चौकट आली की न वाचता एंटर मारतो आणि त्या क्षणापासून संगणक झटपट दाबलेली बटणं मोजेनासा होतो. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर येणाऱ्या ‘स्टिकी कीज’चीही (शिफ्ट, कंट्रोल दाबून न धरता एकेक करून दाबायची सोय) हीच गत, नकळत चालू होते. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बंद करा. ज्यांना त्यांची गरज नाही त्यांनी तिथला शॉर्टकटही बंद करून टाकावा. मराठी-इंग्रजी दोन्ही लेआउट असतील तर ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले जाऊन भाषा परस्पर बदलते, तेही एकदा तपासा. पासवर्ड ‘चुकतो’ तो बऱ्याचदा यामुळेच.

कॅप्स लॉक बदलला, पण कुठे?

कॅप्स लॉकच्या बटणाला कंट्रोल किंवा एस्केपचं काम देणं हा माझ्या मते सगळ्यात फायद्याचा बदल. डाव्या करंगळीच्या शेजारची इतकी मोक्याची जागा, आणि तिथलं बटण दिवसात एकदाही लागत नाही. चूक होते ती हा बदल नेमका कुठल्या पातळीवर झालाय हे न पाहिल्यामुळे.

विंडोजवर बहुतेक जण मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या साधनसंचातला कीबोर्ड मॅनेजर वापरतात. तो चांगला आहे, पण पॉवरटॉइज चालू असेल तोवरच बदल टिकतो आणि लॉक स्क्रीनवर तो लागू होत नाही. मग काय होतं पाहा. लॉक स्क्रीनवर सवयीनं कॅप्स लॉकला कंट्रोल समजून बोट लागतं, खरं कॅप्स लॉक चालू होतं, पासवर्ड नाकारला जातो. कधी पिन टाकून आत आलात तर आणखी गंमत: सगळं मोठ्या लिपीत उमटतंय आणि ते बंद करायचं बटणच आता कंट्रोल झालंय! अशा वेळी संगणक पुन्हा लॉक करून तिथं ते बटण एकदा दाबा, किंवा कीबोर्ड मॅनेजर तेवढ्यापुरता बंद करा. बदल लॉगिनपासूनच हवा असेल तर शार्पकीजसारखं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मूळ सेटिंगच्या नोंदवहीत, नोंद करणारं साधन घ्या. त्याला रीस्टार्ट लागतो, आणि मग त्या संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला तो बदल सोसावा लागतो. सामायिक मशीनवर हा उद्योग नकोच.

मॅकवर हे सेटिंग मॉडिफायर कीजमध्ये असतं, पण प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळं. बाहेरून जोडलेला कीबोर्ड वरच्या यादीतून निवडला नाही तर बदल फक्त लॅपटॉपच्या बटणांना लागतो आणि माणूस म्हणतो, ‘झालंच नाही.’

विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट बदलण्याच्या भानगडीत पडू नका, विंडोज ते स्वतःकडे राखून ठेवतं. एफएन बटणही सहसा कीबोर्डच्या आतच हाताळलं जातं, त्यामुळे सॉफ्टवेअरला ते दिसतच नाही. आणि एका दिवसात पाच बटणं बदलू नका. काही बिनसलं तर कुठल्या बदलामुळे, ते शोधता येत नाही.

संक्षेप फार सोपे ठेवले तर

टेक्स्ट एक्सपांडरमध्ये, म्हणजे संक्षेपाच्या जागी पूर्ण मजकूर टाकणाऱ्या साधनात, ‘पत्ता’ लिहिल्यावर पूर्ण पत्ता येईल अशी सोय केली, की ‘त्याचा काही पत्ता नाही’ लिहिताना मधेच तुमचा पिनकोड अवतरतो. संक्षेपाआधी दोन टिंबं द्या: ‘..पत्ता’. पासवर्ड मात्र असल्या साधनात ठेवू नका. विंडोज-व्ही दाबल्यावर दिसणारी क्लिपबोर्ड हिस्ट्री झकास आहे, पण तीही कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी लक्षात ठेवते, आणि त्यात कॉपी केलेला पासवर्डही आला.

गॅजेट चांगलं, जागा चुकीची

वायरलेस माउस अडखळतोय, विशेषतः हार्ड डिस्कवर फाइल कॉपी होताना? बॅटरी बदलण्याआधी डोंगल, म्हणजे माउसचा छोटा यूएसबी रिसीव्हर, कुठे खोचलंय ते बघा. यूएसबी 3.0 मधून 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, आणि डोंगलही त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलनं 2012 मध्येच यावर टिपण काढलं होतं. डोंगल दुसऱ्या टोकाच्या पोर्टला लावा, नाहीतर छोट्या एक्स्टेन्शन केबलनं माउसच्या जवळ आणा.

एका पोर्टचे अनेक करणाऱ्या हबचंही तसंच. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 देतो 900. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला डिस्क, वेबकॅम आणि वर मोबाइल चार्जिंग लावलं की काहीतरी गळणारच. यूएसबी-सी केबल दिसायला सारख्या, पण फोनसोबत आलेली बरीचशी यूएसबी 2.0 च्याच वेगाची असते. तिच्यावर एसएसडी रखडते आणि मॉनिटर तर लागतच नाही.

राहता राहिला हात. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडले की मनगट वरच्या बाजूला वाकतं, म्हणून ते मिटलेलेच बरे. लॅपटॉप स्टँड घेतलात तर वेगळा कीबोर्ड आणि माउसही घ्या, नाहीतर हात दिवसभर अधांतरी राहतात. आणि रिस्ट रेस्ट, म्हणजे कीबोर्डपुढची मनगटाची गादी, टाइप करताना टेकायला नसते; दोन वाक्यांच्या मधे हात विसावायला असते.