माणूस आणि उंदीर: मेंदूच्या केशवाहिन्यांतील जनुकांची तुलना करताना या चुका टाळा

सार्वजनिक साठ्यातून माणसाच्या आणि उंदराच्या मेंदूतील केशवाहिन्यांचा आरएनए डेटा (कोणतं जनुक किती चालू आहे हे दाखवणारा) उतरवून घेतला, दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, आणि संगणकाने फरक असलेल्या हजारो जनुकांची यादी काढून दिली. अशी लांबलचक यादी हाती आली की आधी शंका यायला हवी. त्यातला फरक प्रजातींचा किती आणि नमुने गोळा करण्याच्या पद्धतीचा किती, हे वेगळं केल्याशिवाय पुढे जाऊ नका. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा कोणतं औषध आत सोडेल, याचे अंदाज अशाच तुलनांवर बांधले जातात. चुकलेल्या यादीचा भार शेवटी रुग्णावर पडतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो नमुन्याच्या शुद्धतेला. मेंदूचा तुकडा कुस्करून, डेक्स्ट्रानच्या द्रावणात फिरवून आणि नायलॉनच्या जाळीतून गाळून केशवाहिन्या वेगळ्या करतात. त्यांच्यासोबत पेरिसाइट (वाहिनीला बाहेरून बिलगलेल्या पेशी), अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींच्या टोकांचे तुकडे आणि मायेलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं स्निग्ध आवरणही येतं. म्हणून कोणतीही तुलना करण्याआधी पेशींचा प्रकार ओळखून देणारी जनुकं बघा: एंडोथेलियल (वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) पेशींसाठी क्लॉडिन-५, पेरिसाइटसाठी पीडीजीएफआरबी, स्नायूपेशींसाठी एसीटीए२, अॅस्ट्रोसाइटसाठी जीएफएपी, मायेलिनसाठी एमबीपी. माणसाच्या नमुन्यात एमबीपी खूप वर दिसलं तर तो अडथळ्याचा गुण समजू नका. माणसाच्या मेंदूत पांढऱ्या द्रव्याचं, म्हणजे मायेलिनने भरलेल्या भागाचं प्रमाण उंदरापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि ते तुकड्यासोबत येतं.

उलट बाजूने हमखास फसवणारं जनुक म्हणजे ट्रान्सथायरेटिन. उंदराचा मेंदू इवलासा, त्यामुळे तो बहुधा अख्खा कुस्करला जातो आणि त्यात कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे मेंदूतला द्रव तयार करणारी वाहिन्यांची जाळी, जातो. तिथल्या केशवाहिन्या सच्छिद्र असतात. अडथळ्याचं काम तिथे एपिथेलियल (बाहेरच्या आवरणाच्या) पेशी करतात, आणि ट्रान्सथायरेटिन त्याच भरपूर बनवतात. माणसाचा नमुना मात्र बहुतेकदा कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) तुकडा असतो. उंदरात ट्रान्सथायरेटिन भरमसाट दिसलं, तर आधी हेच तपासा. प्रयोग तुमचाच असेल तर मेंदूची आवरणं आणि कोरॉइड प्लेक्सस सुरुवातीलाच काढा. डेटा दुसऱ्यांचा असेल तर त्यांची कार्यपद्धती नीट वाचा आणि तो नमुना वगळायचा का ते ठरवा.

नमुना टेबलापर्यंत कसा पोहोचला, हेही विचारा. उंदीर सहसा दोन-तीन महिन्यांचा, तरुण, आणि मेंदू काही मिनिटांत बर्फावर. माणसाची ऊती मृत्यूनंतर काही तासांनी मिळते किंवा अपस्माराच्या, गाठीच्या शस्त्रक्रियेतून येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला उंदराच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचा नकाशा पूर्ण पेशींवरून बनवला आहे. २०२२ मधला स्टॅनफर्डचा मानवी नकाशा मृत्यूनंतर मिळालेल्या, गोठवलेल्या ऊतीतील केंद्रकांवरून बनवलेला आहे आणि त्यात अल्झायमरचे रुग्णही आहेत. हे दोन्ही उत्तम डेटासंच आहेत, पण एकमेकांना थेट भिडवायचे नाहीत. केंद्रकात इंट्रॉन (आरएनएमधले नंतर कापून टाकले जाणारे भाग) न कापलेला आरएनए भरपूर असतो, पूर्ण पेशीत तो कमी. ताज्या ऊतीवर ३७ अंशांना एन्झाइम चालवलं की एफओएस, जेयूएन आणि ताणाच्या वेळी बनणाऱ्या ‘हीट शॉक’ प्रथिनांची जनुकं उसळतात. ही नावं यादीच्या माथ्यावर असतील तर तो पेशींवर आलेला ताण आहे.

पुढची अडचण अशी की सगळे मानवी नमुने एका प्रयोगशाळेचे आणि सगळे उंदीर दुसरीचे असतील, तर कोणतंही सॉफ्टवेअर प्रजाती आणि प्रयोगशाळा यांचे परिणाम वेगळे करू शकत नाही. ‘बॅच करेक्शन’ (प्रयोगशाळांमुळे आलेला फरक गणिताने काढून टाकणं) चालवलं तर प्रजातींमधला खरा फरकही पुसला जातो. मला पटलेला उपाय म्हणजे प्रत्येक प्रजातीत दुसऱ्या अवयवाच्या एंडोथेलियल पेशी घेणं, उदाहरणार्थ फुफ्फुसाच्या. मेंदूत एखादं जनुक फुफ्फुसाच्या किती पट, हे माणसात आणि उंदरात वेगवेगळं काढा आणि मग त्या पटींची तुलना करा. मात्र एका प्रजातीतले दोन्ही अवयव एकाच पद्धतीने हाताळलेले हवेत.

जनुकांच्या जोड्या लावताना उंदराचं नाव मोठ्या अक्षरांत करून माणसाशी जुळवणं हा आळस महागात पडतो. पी-ग्लायकोप्रोटीन, म्हणजे औषधं परत रक्तात फेकणारा पंप, माणसात एका जनुकातून बनतो: एबीसीबी१. उंदरात त्याची दोन जनुकं आहेत, एबीसीबी१ए आणि एबीसीबी१बी. नावं जुळवत बसलात तर हा पंपच तक्त्यातून गळेल. एन्सेम्बल या जनुकांच्या माहितीसाठ्यातली ऑर्थोलॉग यादी (दोन प्रजातींतल्या एकाच मूळ जनुकाच्या जोड्यांची) वापरा आणि जोडी नसलेल्या जनुकांचा वेगळा तक्ता ठेवा, कारण कधीकधी खरी गोष्ट तिथेच असते. पीएचपी.बी हा २०१६ मध्ये जाहीर झालेला विषाणूवाहक काळ्या सी५७ उंदरांच्या मेंदूत जनुकं सहज पोहोचवायचा, पण बाल्ब/सी उंदरांत आणि माकडांत तो निष्प्रभ ठरला. २०१९ मध्ये कारण उलगडलं: तो एलवाय६ए या प्रथिनाला धरून आत शिरतो, आणि माणसात त्या जनुकाची सरळ एकास-एक जोडी तेव्हा ठाऊक नव्हती. फक्त एकास-एक जोड्या ठेवणाऱ्या विश्लेषणात हे जनुक पहिल्याच गाळणीत गेलं असतं.

तीन माणसांच्या दहा हजार पेशी असल्या तरी नमुने तीनच. पेशी मोजून पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढू नका. प्रत्येक व्यक्तीच्या सगळ्या पेशींची बेरीज करून मग चाचणी लावा.

शेवटी प्रथिनांबद्दल. आरएनए जास्त म्हणजे प्रथिन जास्त, असं गृहीत धरू नका. जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये केशवाहिन्यांतील प्रथिनं थेट मोजली, तेव्हा पी-ग्लायकोप्रोटीन माणसात उंदराच्या निम्म्याहून कमी आढळलं, आणि बीसीआरपी हा दुसरा पंप माणसात उंदराच्या सुमारे १.८५ पट. अशा पंपांबद्दल आणि इतर वाहक प्रथिनांबद्दल विधान करण्याआधी अशी प्रथिनमोजणी शोधा. ती नसेल तर निष्कर्षाच्या वाक्यातच ‘आरएनएच्या पातळीवर’ असं लिहा.