बेडूक न पकडता त्याच्या पोटातले जंत कसे बघायचे

पावसाळा लागला की आमच्या तापीकाठच्या केळीच्या बागांमध्ये मोठे बेडूक निघतात, नर तर हळदीसारखे पिवळेधम्मक. काही जण खायला धरतात, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, तर प्लीज धरू नका. जंत बघायला ताजी विष्ठा पुरते.

विहिरीजवळ ओली विष्ठा दिसली की ग्लोव्हज घालून काडीने चिमूटभर डबीत घ्या. लिटरभर पाण्यात ६ ग्रॅम मीठ, त्याचा एक थेंब स्लाइडवर, त्यात विष्ठा कालवायची आणि वर कव्हरस्लिप. साधं पाणी नको, नाजूक जीव फुगून फुटतात.

आता मायक्रोस्कोपखाली १०० पटीवर बघा. ओपलिना (हा जंत नव्हे, एकपेशी जीव) सापडला तर नशीबच, पानासारखा चपटा, अंगभर केसांची लाट सरकत जाते, केंद्रकं भरपूर आणि तोंडच नाही! बेडकाला तो सहसा त्रास देत नाही. बारीक वळवळती अळी दिसली तर ऱ्हॅब्डियास नावाचा जंत असू शकतो, तो राहतो फुप्फुसात पण अंडी घशात येऊन गिळली जातात, म्हणून इथे सापडतो.

नंतर हात साबणाने धुवा. आणि बेडकाचं कच्चं मांस जखमेवर बांधायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, त्यातून फीतकृमीची अळी आपल्या अंगात शिरू शकते.