व्हॉलंटरी म्हणजे नेमकं काय? सगळीकडे ऐच्छिक लिहू नका

व्हॉलंटरी दिसलं की आपण ऐच्छिक लिहून मोकळे होतो, पण ते सगळीकडे बसत नाही. मूळ लॅटिन व्होलुंटास, म्हणजे इच्छा. म्हणून वाक्य वाचताना एवढंच विचारा, हे करायचं ठरवलं कोणी? करणाऱ्याने स्वतःच, कोणी भाग न पाडता, तर ते व्हॉलंटरी.

सगळ्यात जास्त घोळ ऑप्शनलशी होतो. पेपरातला प्रश्न ऑप्शनल असतो, व्हॉलंटरी नाही, कारण सोडवा नाहीतर सोडा ही सूट पेपर काढणाऱ्याने दिलेली असते. व्हॉलंटरीत माणूस आपणहून पुढे येतो. रक्तदानाचंच घ्या, शिबिरात कोणासाठी ते माहीत नसताना कोणी हात पुढे करतो ते व्हॉलंटरी डोनेशन, आणि पेशंट ॲडमिट असताना नातेवाइकांना आधी एक बाटली द्या मग रक्त मिळेल असं सांगतात ते रिप्लेसमेंट, तिथे पैसे मिळत नसले तरी ते व्हॉलंटरी नाही कारण माणूस अडलेला असतो. (पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे १९९८ पासून बंदच आहे.) मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण फुकट केलं म्हणजे मनाने केलं असं आपण धरून चालतो.

उलटंही आहे, व्हॉलंटरी म्हणजे बिनपैशाचं असंही नाही. व्हॉलंटरी वर्क म्हटलं तर हो, विनामोबदला काम. पण व्हीआरएसमध्ये, म्हणजे व्हॉलंटरी रिटायरमेंट स्कीममध्ये, पैसे मिळतातच की, बीएसएनएलच्या २०१९ च्या स्कीममध्ये ७८ हजारांवर लोकांनी अर्ज केले होते. इथे मराठीत स्वेच्छानिवृत्ती हाच शब्द, ऐच्छिक निवृत्ती कानाला खटकतं. तसंच पगारातून पीएफचे नेहमीचे १२ टक्के कापले जातात त्याच्यावर आपण आपल्या मर्जीने जास्त टाकतो तो व्हॉलंटरी पीएफ, त्या जादा रकमेएवढे पैसे कंपनीने घालायची सक्ती नसते.

वापरताना दोन चुका खूप दिसतात. आय डिड इट व्हॉलंटरी नाही, व्हॉलंटरिली. आणि ही इज अ व्हॉलंटरी इन एनजीओ नाही, व्हॉलंटिअर, कारण व्हॉलंटरी विशेषण आहे, माणसाला ते नाव म्हणून लागत नाही. उच्चारात जोर पहिल्या व्हॉ वर द्या, ब्रिटिश लोक तर पुढचं आवळून व्हॉलंट्री म्हणतात.

विरुद्ध शब्दही दोन आहेत. नियमाने सक्ती असेल तर कम्पल्सरी, पण आपल्या इच्छेशी संबंधच नसेल तर इनव्हॉलंटरी. हाताचे स्नायू व्हॉलंटरी, हृदयाचे इनव्हॉलंटरी, आपल्या शाळेच्या पुस्तकातले ऐच्छिक आणि अनैच्छिक स्नायू ते हेच, इथे ऐच्छिक अगदी चपखल बसतो. श्वास मात्र दोन्हीकडे येतो, एरवी आपोआप चालतो आणि प्राणायामाला बसलात की तुमच्या ताब्यात.