पूलच्या टाकीत कोणती रेती भरायची

मी वरुडकडचा. संत्र्याच्या बगीच्यांत ड्रिप जोडण्यात आणि त्याचे सँड फिल्टर धुण्यात बरीच वर्षं गेली. मग पेंच-ताडोब्याच्या गेटांजवळ रिसॉर्ट झाले, हुरडा पार्टीवाल्यांनी वावरात पूल बांधले, आणि मी तोच पाना-पेचकस घेऊन पूलच्या फिल्टरच्या टाक्या उघडू लागलो.

पहिल्याच पूलला माती खाल्ली. मालक म्हणाला, "कन्हानची रेती पडलीच आहे जी, चाळून टाका ना." टाकली. तीन आठवड्यांत पाणी ताकासारखं. टाकीत कोपरापर्यंत हात घातला तर रेतीचे लाडू झालेले. एक फोडून पाहिला: आत काळी माती, आणि बोटांना पोट्ट्यांच्या अंगावरच्या तेल-क्रीमचा चिकटा. नदीच्या रेतीत लहान-मोठे कण मिसळलेले असतात. बारीक कण जाड कणांच्या फटीत बसतात, गाळ अडकतो, आणि पाणी एखाद-दोन वाटा धरून न गाळताच खाली उतरतं. नवा माल मी माझ्या खिशातून भरून दिला.

म्हणून आधी आपलं पाणी पाहा, मग माल, म्हणजे टाकीत भरायची रेती, काच वगैरे. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरा थर धरत असेल, तर कोणताही माल चुन्यानं गठ्ठा होऊ शकतो. तिथं पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवणं मालापेक्षा महत्त्वाचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काही बोअरला लोह असतं. क्लोरीन टाकलं की पाणी चहासारखं होतं. ते लोह फिल्टरमध्येच अडकतं, म्हणून तिथं सुरुवातीचे काही दिवस वारंवार बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून माल धुणं, करावा लागतो. महागडा माल अशा ठिकाणी पहिल्याच भरणीत वाया घालवू नका.

बहुतेकांना साधी सिलिका रेतीच पुरते. कण 0.45 ते 0.55 मिलीमीटर, एकसारखा, धुतलेला. ड्रिपच्या फिल्टरमधला माल बहुधा याहून जाड असतो, तो इथं चालत नाही. सिलिका साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) कचरा धरते आणि नीट धुत राहिलं तर पाच-सात वर्षं चालते. पोतं घेताना मी दोन गोष्टी करतो. मूठभर रेती पाण्याच्या बाटलीत हलवून ठेवतो. पाच मिनिटांनीही पाणी गढूळच असेल तर पोतं परत. आणि चिमूटभर रेतीवर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब, हातमोजे घालून, उघड्यावर. फसफसलं तर त्यात चुनखडी आहे. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

झिओलाइट हे एका खनिजाचे दाणे, वजनाला हलके. त्याच टाकीत किलोनं कमी लागतं, रेतीपेक्षा बारीक गाळतं आणि घाम-लघवीतला अमोनिया ओढून घेतं. शाळेच्या सहली येतात तिथं मी तेच सुचवतो. अधूनमधून ते मिठाच्या पाण्यात भिजवून ताजं करावं लागतं. आता गंमत पाहा: मिठानं अमोनिया सुटतो, म्हणजे पाणीच खारट असेल तर तो आधी धरलाच जाणार नाही. अकोला-दर्यापूरच्या खारपाण पट्ट्यातल्या बोअरवर म्हणूनच मी झिओलाइट भरत नाही.

काचेचा माल, म्हणजे फिल्टरसाठीचे काचेचे कण, महाग, पण गुळगुळीत असल्यामुळे त्यावर घाण धरून बसत नाही, बॅकवॉश लवकर आटोपतो. हिशेब असा: तासाला 14 हजार लिटरचा पंप तीन मिनिटं बॅकवॉशला चालला की 700 लिटर वावरात गेले. मे महिन्यात टँकरनं पूल भरणाऱ्याला हे परवडत नाही, त्यानं काच घ्यावी. मायक्रॉनचे आकडे मात्र ब्रोशर पाहून मानू नका. पाण्याचा वेग किती होता, गाळ बसवायचं औषध टाकलं होतं का, हे विचारा.

डीई, म्हणजे डायटोमेशियस अर्थ नावाच्या मातीची पावडर, सगळ्यांत बारीक गाळते, पण तिला वेगळा फिल्टर लागतो आणि धूळ फुफ्फुसाला वाईट. गड्याच्या हाती मी ती देत नाही.

माल कोणताही असो, वेग जास्त तर गाळणं कमी. आपल्याकडे मोटर एक एचपी जास्तच लावायची खोड. 24 इंची टाकीला तासाला 14 हजार लिटर पुरे, त्यातही कमी असेल तर उत्तमच. आणि काळ्या मातीचा चिकण कण 2 मायक्रॉनहूनही बारीक असतो. पहिल्या पावसात बांधावरून ओघळ आला तर रेती काय नि काच काय, काहीच धरत नाही. रात्री पंप बंद करून तुरटीचं पाणी शिंपडा, सकाळी तळाचा गाळ व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर (पाणी थेट बाहेर) ठेवून व्हॅक्यूमनं बाहेर काढा. फिल्टरमधून नेऊ नका, आणि नंतर पीएच तपासा, तुरटीनं तो उतरतो.

भरताना टाकी आधी अर्धी पाण्यानं भरा. कोरड्या टाकीत वरून पोतं ओतलं की तळातल्या प्लास्टिकच्या नळ्या, लॅटरल, तडकतात आणि आठ दिवसांत रेती पूलच्या तळाशी दिसते. मधल्या पाइपच्या तोंडावर पिशवी बांधा, माल हळूहळू सोडा, माथ्यावर मोकळी जागा ठेवा; किती, ते टाकीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. 24 इंचीला साधारण दीडशे किलो रेती लागते, काच थोडी कमी. मग व्हॉल्व्हजवळच्या पाहायच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश, मिनिटभर रिन्स (सरळ दिशेनं धुऊन पाणी बाहेर सोडणं), आणि व्हॉल्व्ह 'फिल्टर'वर आणून दाबाचं गेज पाहा. तो आकडा ऑइल पेंटनं टाकीवरच लिहा. काटा त्याच्यावर 8-10 पीएसआय चढला की धुवायचं. एका ठिकाणी गडी बदलला आणि नव्यानं टाकी छान रंगवली, आकड्यासकट. आता मी झाकणाच्या आतूनही लिहितो.