ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्यावाढीवर लिहिताना या चुका टाळा

1788 साली ब्रिटनमधून कैदी घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातून उतरलेली हजारभर माणसं आणि आजचे 2 कोटी 70 लाखांहून अधिक, म्हणजे 27 हजार पट वाढ! ऑस्ट्रेलियाविषयी असं बेधडक लिहिलं जातं आणि सगळ्यात मोठी चूक हीच असते. ती जहाजं सिडनीच्या किनाऱ्याला लागली तेव्हा खंड रिकामा नव्हता. तिथे निदान तीन लाख, काही अभ्यासकांच्या मते दहा लाखांहूनही जास्त मूळ रहिवासी राहत होते. पुढच्याच वर्षी सिडनी परिसरात देवीची साथ आली. तिथले निम्मे मूळ रहिवासी त्यात दगावल्याचा अंदाज खुद्द नव्या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी लिहून ठेवला आहे. आलेखातली एक रेघ वर चढत होती, तेव्हा दुसरी खाली कोसळत होती. दोन्ही दाखवा. अंदाजांत तफावत आहे म्हणून शून्य धरणं हे हिशेब म्हणूनही चूक आणि माणूस म्हणूनही.

हे वगळणं पुढे घटनेतच शिरलं. 1901 मध्ये सहा वसाहतींचं एक राष्ट्र झालं, त्या राज्यघटनेच्या 127व्या कलमाने मूळ रहिवाशांना लोकसंख्येच्या मोजणीबाहेर ठेवलं. 1967 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून अधिक मतांनी ते कलम गेलं. त्यानंतरची पहिली जनगणना 1971 ची. त्याआधीचा कुठलाही जुना तक्ता हाती आला, तर त्यात कोण मोजलंय हे आधी बघा.

कारणं लिहितानाही गडबड होते. सगळं श्रेय कैद्यांना देऊ नका. 1868 पर्यंतच्या 80 वर्षांत आणलेले कैदी साधारण 1 लाख 60 हजार. उलट 1851 ला सोनं सापडल्यावर दहाच वर्षांत वसाहतींची लोकसंख्या सुमारे साडेचार लाखांवरून साडेअकरा लाखांवर गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनेच युरोपातून माणसं बोलावली आणि 1959 मध्ये एक कोटीचा टप्पा ओलांडला.

2021 चे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. 2,54,22,788 ही जनगणनेची मोजणी. सुमारे 2 कोटी 57 लाख हा मोजणीतून सुटलेली आणि तेव्हा तात्पुरती परदेशी गेलेली माणसं धरून काढलेला रहिवाशांचा अंदाज. एकाच लेखात दोन्हींची सरमिसळ नको.

त्याच जनगणनेत 8,12,728 जणांनी स्वतःला मूळ रहिवासी म्हणून नोंदवलं, 2016 पेक्षा 25 टक्के जास्त. ही सगळी वाढ जन्मांची समजू नका. पूर्वी स्वतःला मूळ रहिवासी म्हणून न नोंदवणारी पुष्कळ माणसं आता आपली ओळख लिहितात.