हार्डनेस मीटर शून्य दाखवतोय? खूश होऊ नका, आधी नळी धरून मागं जा (सॉफ्टनरवाल्यांनो या चुका टाळा)

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फूड युनिटची गोष्ट, नाव नाही सांगत, उगाच कशाला. छोटा बॉयलर, त्याच्या आधी दोन टाक्यांचा सॉफ्टनर (पाण्यातला हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, रेझिनच्या मण्यांनी काढणारा), म्हणजे ए चालू असला की बी रिजन होऊन (मिठाच्या पाण्यानं रेझिन ताजी करून) तयार उभा, आणि त्याच्यावर चांगला महागातला ऑनलाइन हार्डनेस मीटर. सहा महिने मीटर शून्य दाखवत होता, लॉगबुकात पानंच्या पानं शून्य, आणि शटडाऊनला बॉयलर उघडला तर ट्यूबवर नखानं खरवडून निघणार नाही असा पांढरा थर. मालक म्हणाले मीटर बोगस आहे, परत पाठवा.

मी चहाच्या कपात फीड टँकचं, म्हणजे बॉयलरला जाणारं, पाणी घेतलं, हार्डनेसच्या किटमधलं बफर आणि ईबीटीचे (हार्डनेस असला की लाल, नसला की निळ्या होणाऱ्या इंडिकेटरचे) थेंब टाकले. निळं व्हायला पाहिजे होतं, झालं कोकम सरबतासारखं लाल. मग दुसऱ्या कपात मीटरच्या ड्रेनचं पाणी घेतलं तर ते एकदम निळंशार. म्हणजे मीटर खरंच बोलत होता, पण बोलत होता भलत्याच पाण्याबद्दल. सँपलची नळी धरत मागं गेलो तर ती बी टाकीच्या आउटलेटवर, टाकी बदलणाऱ्या चेंजओव्हर व्हॉल्व्हच्या आधी ठोकलेली. ए चालू असतानासुद्धा मीटर नुसता उभ्या असलेल्या बी मधलं ताजं मऊ पाणी चाखत बसलेला आणि ए मधून कच्चं पाणी निवांत बॉयलरला चाललेलं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, सँपल पॉइंट. मीटर फक्त त्याच्या तोंडात येणारं पाणी तपासतो. सॉफ्ट वॉटर टँकच्या नंतर सँपल घेतलं तर हार्डनेस कळेपर्यंत अख्खी टाकी नासलेली असते. पॉइंट दोन्ही टाक्यांच्या कॉमन आउटलेटवर पाहिजे, केमिकल डोसिंगच्या आधी. आणि नळी लांब नको. हिशोब करून बघा, अर्ध्या इंची पाइप ३० मीटर ओढला की त्यात साधारण पावणेचार लिटर पाणी मावतं, सँपलचा फ्लो मिनिटाला २०० मिली असेल तर मीटरला दिसणारं पाणी १८-२० मिनिटं शिळं. तेवढ्यात तासाला १० हजार लिटरचा सॉफ्टनर तीन हजार लिटर पाणी पुढं ढकलून मोकळा होतो. बारीक नळी घ्या आणि मीटर सॉफ्टनरच्या शेजारी लावा, एसी केबिनमध्ये शोभेला नको.

दुसरी चूक युनिटची, आणि ही मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता हसूही येत नाही. बरेच मीटर जर्मन डिग्रीत, म्हणजे डीएच मध्ये वाचतात. एक जर्मन डिग्री म्हणजे १७.८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात). बॉयलरवाल्यानं सांगितलेलं असतं हार्डनेस ५ च्या आत ठेवा, त्याच्या डोक्यात पीपीएम, आणि आपण मीटरमध्ये अलार्म ५ वर टाकतो. झालं ८९ पीपीएम! तोपर्यंत हूटर वाजणारच नाही. ५ पीपीएम पाहिजे असेल तर ०.२८ टाकायचं. आज जाऊन सेटिंग बघा, लाजू नका.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर सॉफ्टनर तपासणाऱ्यांना एवढंच सांगतो की सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. रेझिन संपली तरी टीडीएसचा काटा हलत नाही. पुढं.

आता इंडिकेटर. रंगावर चालणाऱ्या मीटरमध्ये दर वेळी दोन-चार थेंब पडतात आणि रंग बघून मीटर ठरवतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बाटलीत किती शिल्लक आहे हे मीटर बघत नाही, डोस मोजून अंदाज बांधतो. ऑपरेटरनं बाटली न बदलताच रिसेट दाबला की मीटरच्या हिशोबात बाटली भरलेली. मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो, त्यात ती बाटली बॉयलरच्या अंगाला, मग इंडिकेटर तारखेच्या आधीच मरतो. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा, स्टॉक थंड जागी ठेवा. डोसिंग पंपाची रबरी नळी चपटी झाली की थेंब कमी पडतात, नळीत बुडबुडा अडकला तरी तेच, ती वेळच्या वेळी बदला.

पाण्यात फ्री क्लोरीन जास्त असेल तर इंडिकेटरचा रंगच उडतो आणि रीडिंगवर भरवसा राहत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असलं तर उलटं, रंग लालसर गढूळच राहतो, निळ्यावर येतच नाही, आणि तेच लोह रेझिनवरही बसतं. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी तांबडं झालं की सँपलचा स्ट्रेनर दोन दिवसांत भरतो, मापनाची काच मळते. काच मऊ कापडानं पुसायची, कॉटन वेस्टनं नाही (हे लिहायला लागतंय कारण बघितलंय).

हूटरचं वेगळंच. रिजननंतर रिन्स, म्हणजे रेझिन धुणं, चालू असताना आउटलेटचं पाणी मीटरला गेलं तर त्यात धुऊन निघालेलं कॅल्शियम असतं, मीटर बोंबलणारच. रोज पहाटे खोटा अलार्म, मग नाइट शिफ्टवाला काय करतो? एका ठिकाणी मी हूटरच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला बघितलाय. त्याला शिव्या घालून उपयोग नाही. रिजन चालू असताना मापन थांबेल आणि रिन्स संपल्यावरच सुरू होईल असा सिग्नल कंट्रोलरकडून मीटरला द्या, बहुतेक मीटरला तसा इनपुट असतो. आणि सँपलचा फ्लो बंद झाला तरी अलार्म यायला पाहिजे, नाहीतर शेवटचं चांगलं रीडिंग तसंच स्क्रीनवर लटकत राहतं.

खरा अलार्म आला तर लगेच रेझिन बदलायला धावू नका, आधी ट्रेंड बघा. रिजन झाल्या झाल्याच हार्डनेस येत असेल तर मीठ कमी पडलंय, इंजेक्टर चोक होऊन ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, ओढली जात नाहीये, मिठाचा ढेपा होऊन खाली पोकळी झालीय किंवा बायपास व्हॉल्व्ह गळून कच्चं पाणी पुढं जातंय. सुरुवातीला चांगलं पाणी येऊन वेळेआधी संपत असेल तर कच्च्या पाण्याचा हार्डनेस वाढलाय किंवा रेझिन थकलीय. उन्हाळ्यात हे हमखास, कारण नदीचं पाणी कमी पडलं की बोअर किंवा टँकरचं मिसळतात, ज्या पाण्यात घरी डाळ शिजत नाही ते पाणी. समजा १०० लिटर रेझिन आहे आणि लिटरला ५० ग्रॅम हार्डनेस काढायची ताकद धरली, तर २५० पीपीएमच्या पाण्यावर २० हजार लिटर निघेल, ५०० पीपीएम झालं की १० हजारच. रिजनचा टायमर मात्र अजून जानेवारीतल्या सेटिंगवरच असतो! ट्रेंडमध्ये मधूनच रीडिंग एकदम वर जाऊन खाली येत असेल तर मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं सील किंवा सँपलमधली हवा बघा.

आठवड्यातून एकदा हाताच्या किटनं टेस्ट करा, पण सँपल मीटरच्या ड्रेनचंच घ्या, आणि दुसरं एक फीड टँकचं. दोन कप, दोन उत्तरं, त्यातला फरकच सगळं सांगतो. आणि महिन्यातून एकदा मीटरला मुद्दाम कच्चं पाणी पाजा. हूटर वाजला नाही किंवा इंटरलॉकचा (अलार्मला पाणी आपोआप तोडणारा) व्हॉल्व्ह बंद झाला नाही तर तो मीटर नुसता भिंतीवरचा दिवा आहे.

कुपवाडच्या त्या युनिटमध्ये नळी कॉमन आउटलेटवर घेतली, अलार्म ०.२८ वर आणला. तिसऱ्या रात्री सव्वादोनला बॉयलर अटेंडंटचा फोन, "सायेब, मीटर बिघडलाय, सहा महिन्यात कवाच वाजला न्हवता, आता थांबंना झालाय." म्हटलं कोणती टाकी चालूय? "ए." कपात पाणी घेऊन थेंब टाक म्हटलं. थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग हळूच म्हणाला, "लालच झालं की वो." सकाळी जाऊन ए चा इंजेक्टर उघडला, अर्ध्याहून जास्त मिठाच्या गाळानं बुजलेला.