व्हिसा वॉशिंग्टनचा, संसार ट्रेंटनचा : न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी

पगाराची पहिली स्लिप आली की निव्वळ रक्कम बघून ती मिटवून टाकू नका, मधल्या कपाती वाचा. या देशात दोन सरकारं कशी शेजारी शेजारी नांदतात, ते तिथे आकड्यांत दिसतं. फेडरल इन्कम टॅक्स, सोशल सिक्युरिटीचे (म्हातारपणीचं पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा आरोग्य विमा) १.४५ टक्के वॉशिंग्टनकडे जातात. त्याखाली ‘एनजे’ लावलेल्या ओळी असतात: राज्याचा इन्कम टॅक्स, बेकारी विमा, आजारपणाचा विमा आणि फॅमिली लीव्ह इन्शुरन्स. या ट्रेंटनच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीच्या. शेवटची कपात बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बाळ झालं किंवा घरात कुणी गंभीर आजारी पडलं, तर तिच्यातून १२ आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळतो, आईला आणि बापालाही. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही, पण अर्ज स्वतः करावा लागतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी (शिक्षणाशी निगडित नोकरीची तात्पुरती परवानगी) करणाऱ्यांनी उलटं तपासावं: पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर सहसा कापायचं नसतं. पेरोलवाले सवयीने कापतात. परत मागायचं ते आधी कंपनीकडे.

भारतातून येताना आपण डोक्यात एक उतरंड घेऊन येतो: केंद्र वर, राज्य खाली, महापालिका त्याखाली. इथे ती काही काळ बाजूला ठेवा. आपल्याकडे संसद कायदा करून राज्याच्या सीमा बदलू शकते, आणि कुठल्याच यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो. इथे राज्यं आधीची, संघ नंतरचा. न्यू जर्सीने आपली पहिली राज्यघटना २ जुलै १७७६ ला मंजूर केली, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायच्या दोन दिवस आधी. आज चालते ती १९४७ ची. अमेरिकेच्या घटनेतली १७९१ ची दहावी दुरुस्ती सांगते की संघाला न दिलेले आणि राज्यांना मना न केलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. म्हणून लग्न, घटस्फोट, मृत्युपत्र, भाडेकरार, गाडीचा विमा, शाळा, बहुतेक फौजदारी गुन्हे हे सगळं राज्याचं. डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक यांचे परवानेही राज्याचेच, त्यामुळे नदीपलीकडच्या न्यूयॉर्कचा परवाना इथे आपोआप चालेल असं धरू नका. व्हिसा, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी नंबर मात्र संघाचे. आणि राष्ट्रपती राजवट नावाचा प्रकार इथे नाही.

इथल्या गव्हर्नरला आपला राज्यपाल समजू नका. तो किंवा ती थेट लोकांनी निवडलेली व्यक्ती असते, चार वर्षांसाठी, सलग दोनदाच. न्यू जर्सीचं गव्हर्नरपद देशातल्या सर्वांत ताकदवान गव्हर्नरपदांत मोजलं जातं. ॲटर्नी जनरल नेमायचा गव्हर्नरने, न्यायाधीशांची नावं पाठवायची गव्हर्नरने, बजेटमधली एकेक ओळ खोडायची तीही गव्हर्नरने. विधिमंडळासाठी राज्याचे ४० मतदारसंघ. प्रत्येकातून एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य, एकूण १२०. गव्हर्नरचा नकाराधिकार उलटवायला सेनेटमध्ये २७ आणि असेंब्लीत ५४ मतं लागतात. पक्षांतरबंदी नाही आणि बहुमत गेलं म्हणून सरकार पडतही नाही. अडतं ते बजेटवर. १ जुलैपर्यंत ते झालं नाही तर राज्याचं कामकाज थांबतं. २००६ आणि २०१७ मध्ये ते थांबलं होतं. पहिल्या वेळी राज्याचे तपासनीस कामावर नाहीत म्हणून अटलांटिक सिटीचे कसिनोसुद्धा बंद ठेवावे लागले.

गव्हर्नर आणि विधिमंडळाच्या निवडणुका इथे विषम वर्षी होतात. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा गाजावाजा त्यात नसतो, म्हणून मतदानही कमी होतं आणि काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) पक्षसंघटनांचं फावतं. वर्षानुवर्षं इथे ‘काउंटी लाइन’ची पद्धत होती. पक्षाच्या काउंटी संघटनेने उचललेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत छापायचे, बाकीच्यांना कुठेतरी कोपऱ्यात ढकलायचं. त्या कोपऱ्याला इथले लोक ‘बॅलट सायबेरिया’ म्हणत. तेव्हा सेनेटसाठी उभे असलेले अँडी किम यांच्या दाव्यावर मार्च २०२४ मध्ये फेडरल कोर्टाने डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी, ती थांबवली. एका पक्षाचंच वर्चस्व असलेल्या गावात खरी लढत नोव्हेंबरात नव्हे, जूनच्या प्रायमरीत होते, हे नागरिक झाल्यावर विसरू नका.

आता रोजच्या व्यवहाराकडे. राज्यात २१ काउंट्या आणि ५६४ नगरपालिका आहेत. त्यांना बरो, टाउनशिप, सिटी, टाउन आणि व्हिलेज अशी नावं असली तरी ‘टाउनशिप’ म्हणजे खेडं असं नव्हे. एडिसनही टाउनशिपच आहे. घर बघताना पहिला घोटाळा होतो तो पत्त्याचा. पोस्टाच्या पत्त्यातलं नाव आणि तुमची नगरपालिका वेगळी असू शकते. पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ लिहिलेली कितीतरी घरं वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक किंवा मॉन्टगोमेरीत आहेत. आयझेलिन नावाची नगरपालिकाच नाही, तो वूडब्रिज टाउनशिपचा भाग आहे. ओक ट्री रोडवर वाणसामान घेता घेता तुम्ही एडिसनमधून वूडब्रिजमध्ये शिरता. पार्किंगचं तिकीट लागलंच तर वरचं गावाचं नाव वाचा, कारण म्युनिसिपल कोर्ट त्या त्या गावाचं. शाळा ठरते ती स्कूल डिस्ट्रिक्टवरून, आणि त्याची हद्द दरवेळी गावाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका. डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात पूर्ण पत्ता देऊन विचारा.

भाड्याने राहत असाल तर तीन गोष्टी राज्याच्या कायद्यात पक्क्या आहेत. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. ते व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावं लागतं. घर सोडल्यावर ३० दिवसांत, कपात केली असेल तर हिशेबासकट, परत करावं लागतं. भाडं दरसाल किती वाढवता येईल याचा ठरावीक आकडा मात्र राज्य सांगत नाही. काही गावांत त्यावर स्थानिक नियंत्रण आहे, काहींत नाही. सही करण्याआधी टाउन हॉलला फोन करून विचारणं पाच मिनिटांचं काम आहे.

घर घेतलं की प्रॉपर्टी टॅक्सशी गाठ पडते. २०२४ मध्ये राज्याची सरासरी १०,००० डॉलरच्या वर गेली. हिशेब सोपा: घराचं असेस्ड मूल्य (गावाने टॅक्ससाठी ठरवलेली किंमत) ४,००,००० आणि दर शंभर डॉलरमागे २.५० असेल तर वर्षाचे १०,०००. ते चार हप्त्यांत, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला. बहुतेक गावं दहा दिवसांची सवलत देतात, पण चेक पोचल्याची तारीख धरतात, पोस्टाचा शिक्का नाही. एकाच बिलात शाळा, गाव आणि काउंटी असे तीन वाटेकरी असतात, आणि साधारणपणे निम्म्याच्या आसपास किंवा जास्त वाटा शाळा उचलते. म्हणजे तुमच्या खिशावर सर्वांत मोठा हात ज्यांचा, त्या स्कूल बोर्डातल्या माणसांची नावं आपल्या लोकांना माहीत नसतात. राष्ट्राध्यक्षाच्या मुलांची मात्र असतात.

नव्या बांधणीचं टाउनहाऊस घेणारे हमखास फसतात. सुरुवातीची बिलं बरेचदा फक्त जमिनीवर निघालेली असतात. कर्ज देणारी बँक तेवढ्यावरच एस्क्रोचा, म्हणजे हप्त्याबरोबर टॅक्ससाठी घ्यायच्या रकमेचा, आकडा बांधते. मग ऑक्टोबरात ‘ॲडेड असेसमेंट’चं वेगळं बिल येतं आणि पुढच्या वर्षी मासिक हप्ता काहीशे डॉलरनी उडी मारतो. बांधकाम पूर्ण धरून टॅक्स किती होईल, हे गावाच्या असेसरला आधीच विचारा आणि फरक बाजूला टाकत चला.

असेसमेंट जास्त वाटलं तर काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे अपील करता येतं. मुदत बहुतेक ठिकाणी १ एप्रिल, गावात नुकतं फेरमूल्यांकन झालं असेल तर १ मे. मॉनमथसारख्या काही काउंट्यांत १५ जानेवारी. ‘टॅक्स परवडत नाही’ हा मुद्दा तिथे ऐकलाच जात नाही. आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला घराची बाजारभावाने किंमत काय होती, एवढाच प्रश्न असतो. त्या तारखेच्या आसपास विकल्या गेलेल्या तीन ते पाच मिळत्याजुळत्या घरांचे व्यवहार घेऊन जा. असेस्ड मूल्य आणि बाजारभाव यांच्या गावातल्या सरासरी गुणोत्तरापासून १५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर सहसा हाती काही लागत नाही. आणि अपील चालू आहे म्हणून टॅक्स थकवू नका.

न्यूयॉर्कला नोकरी आणि घर इथे असेल तर दोन्ही राज्यांची विवरणपत्रं भरावी लागतात: तिकडे अनिवासी म्हणून, इकडे निवासी म्हणून. तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट इकडे मिळतं, म्हणून न्यूयॉर्कचं आधी तयार करा. घरून काम केलेले दिवससुद्धा न्यूयॉर्क बहुधा आपलेच धरतं. शहराचा वेगळा इन्कम टॅक्स मात्र तिथे राहणाऱ्यांनाच लागतो. पेनसिल्व्हेनियाशी करार आहे: पगारावरचा राज्याचा कर फक्त राहत्या राज्यात भरायचा. त्यासाठी कंपनीला आरइव्ही-४१९ हा फॉर्म द्यावा लागतो. तो दिला नाही की वर्षभर चुकीच्या राज्याचा कर कापला जातो.

लायसन्सचं काम मोटर व्हेईकल कमिशनचं, म्हणजे एमव्हीसीचं. दुसऱ्या राज्यातून आलात तर ६० दिवसांत लायसन्स बदलून घ्या. ओळखीच्या कागदांना इथे गुण असतात, एकूण सहा जमवायचे. राज्याचं कार्ड असलं तरी त्याची मुदत बरेचदा तुमच्या आय-९४ शी (देशात कधीपर्यंत राहता येईल याची संघाची नोंद) बांधलेली असते, आणि एमव्हीसी ती संघाच्या संगणकावर पडताळते. नावातलं एखादं अक्षर पासपोर्टशी जुळलं नाही की तिथेच गाडी अडते. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, चूक सहसा फेडरल नोंदीत असते आणि तिथेच दुरुस्त करावी लागते.

याच एमव्हीसीत सर्वांत महागडी चूक होते. लायसन्स काढतानाच इथे मतदार नोंदणी होते. समोर प्रश्न येतो, घाईत ‘हो’ होतं, सही होते. ग्रीन कार्डवाल्यांसकट कुठल्याही बिगर-नागरिकाने हे करू नये. चुकून नोंद झाली तरी नागरिकत्वाच्या अर्जात त्याबद्दल विचारतात, आणि मतदान केलं असेल तर प्रकरण देशाबाहेर पाठवण्यापर्यंत जाऊ शकतं. घरी मतदार कार्ड आलं तर आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा, मग काउंटीकडून नोंद रद्द झाल्याचं लेखी घ्या.

देणग्यांचंही तसंच. ग्रीन कार्ड असलेल्यांना निवडणुकीसाठी पैसे देता येतात. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नाही, अगदी गावच्या मेयरच्या निवडणुकीलाही नाही. मंडळातल्या ओळखीने कुणी फंडरेझरच्या जेवणाचं तिकीट पुढे केलं, तर ते तिकीट म्हणजे देणगीच.

मत नसलं तरी तोंड बंद ठेवायची गरज नाही. टाउनशिप काउन्सिल आणि स्कूल बोर्डाच्या सभा खुल्या असतात. विषयपत्रिका आधी वेबसाइटवर येते, लोकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो, साधारण तीन ते पाच मिनिटं. कागदपत्रं हवी असतील तर माहितीच्या अधिकारासारखा ओप्रा कायदा आहे. अर्ज गावाच्या क्लर्ककडे करायचा; उत्तर साधारण कामाच्या सात दिवसांत यावं लागतं. ‘रस्त्याबद्दल सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर अर्ज परत येतो. कागद कोणता आणि कुठल्या तारखांमधला, ते नेमकं लिहा. आणि त्याआधी तो रस्ता कुणाचा ते बघा: गावाचा, काउंटीचा की राज्याचा. काउंटीच्या रस्त्यांवर पाचकोनी निळी पाटी असते, आणि त्या रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी टाउन हॉलला कितीही फोन केले तरी तो बुजत नाही.